अंगावरून जातं: एका दुभाषीच्या प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर २०२३, मंगळवार. बेळगाव

आजपासून वही सुरू. इंग्रजी अहवाल बाई लिहितील. ही वही माझी.

बाई म्हणजे नेदरलँड्सहून आलेल्या संशोधक. वय तिशीच्या आत, उंची अशी की शहापुरातल्या आमच्या घराच्या चौकटीवर पहिल्याच दिवशी डोकं आपटलं. विषय बाळंतपणानंतरचे ४२ दिवस: बाळंतिणीला काय त्रास होतो, ती तो कोणाला सांगते, दवाखान्यात केव्हा नेतात. परदेशी माणसाला असलं काम भारतात करायचं तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, शिवाय इथल्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची. कागद जमवता जमवता डोक्याचे केस पिकले म्हणतात. सोनेरी केसांत पिकलेले दिसत नाहीत, ही त्यांची सोय.

माझं काम दुभाषाचं. गावं बेळगाव आणि खानापूर तालुक्यातली. घरात मराठी, गरोदरपणाच्या सरकारी कार्डावर कानडी, प्रश्नावली इंग्रजी. प्रश्नावली एकाने मराठीत केली, दुसऱ्याने मूळ न बघता ती परत इंग्रजीत केली, दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून जुळवली. जुळली. म्हणजे मराठी बरोबर, असं ठरलं.

१४ सप्टेंबर, गुरुवार. उचगाव

सरावाच्या मुलाखती. पहिल्याच घरी सासूबाईंनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं कार्ड काढलं. "हे बघा ताई कार्ड." कर्नाटकात गरोदर बाईला मिळतं ते ‘तायी कार्ड’. तायी म्हणजे कानडीत आई. इथे त्याची ताई झाली. बाईंना समजावून सांगितलं की सरकार आई म्हणतं आणि या थोरली बहीण म्हणतात. त्यांनी वहीत तीन ओळी लिहिल्या. मला वाटलं, एवढं काय त्यात. आता मीही लिहितेय.

कार्डावरचं कानडी मला वाचता येतं, शाळेत सक्तीचं होतं तेव्हा कुरकुरत शिकले होते. सुनेला येत नाही. तिचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं तिच्याच ट्रंकेत आणि तिला त्यातलं अक्षर कळत नाही. हिमोग्लोबिन ८.९ होतं. मी वाचून सांगितल्यावर म्हणाली, "कमी की जास्त?" गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी, हे तिला आजवर कोणी सांगितलं असेल तर कानडीतून सांगितलं असेल.

२० सप्टेंबर

गणपती. गावात कोणी मुलाखत देणार नाही आणि आम्ही मागणार नाही. बाईंनी एकवीस मोदक वळले, त्यातले चार उभे राहिले.

२७ सप्टेंबर, बुधवार. कंग्राळी

प्रश्न क्रमांक तीन: बाळंतपणाची तारीख. उत्तर: "श्रावणात. सोमवार होता."

कार्ड दवाखान्यात राहिलेलं. यंदा श्रावण दोन. अधिक श्रावण १८ जुलैला लागला, निज १७ ऑगस्टला. निजातला पहिला सोमवार धरला तर बाळ आज ३७ दिवसांचं, अधिकातला पहिला धरला तर ६५ दिवसांचं. ४२ दिवसांच्या आत असेल तर एक प्रश्नावली, बाहेर असेल तर दुसरी. बाई कॅलेंडर उघडून बसल्या. एक महिना दोनदा येतो हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच लबाडी करतेय.

बाळाच्या आजीला विचारलं, "नागपंचमीच्या आधी की नंतर?" आजी आठवू लागल्या, मग त्यांना राग आला. "मला काय म्हायती, मी शेगडीपुढं होते." तेवढ्यात बाळ रडलं आणि त्याच्या मांडीवर टिकल्या एवढी गाठ दिसली. विचारलं, "दीड महिन्याचं इंजेक्शन झालं होय?" "झालं की. रातभर ताप आलता." सुटला प्रश्न. मग आजींनाही आठवलं: धोंड्याचा महिना होता, लेकीच्या बाळंतपणात जावयाला ताट द्यायचं राहून गेलं.

यापुढे तारीख विचारताना इंजेक्शन, सण आणि पाऊस तिन्ही विचारायचे. प्रश्नावलीत एकच रकाना आहे. समासात लिहीन.

९ ऑक्टोबर, सोमवार

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासूनचं अभियान. सकाळी नऊपासून रांग, बसायला दोन बाकं. रक्ताच्या गोळ्या (लोह आणि फॉलिक ॲसिडच्या, लाल) सगळ्यांना मिळाल्या. १८० दिवस खायच्या असतात. किती जणी खातात विचारलं तर सगळ्या खातात. घरी गेल्यावर कळतं की फडताळात तीन-तीन पट्ट्या आहेत. एकीला मळमळतं, एकीला संडास काळी होते म्हणून भीती वाटते, एकीच्या सासूला वाटतं की गोळीने बाळ मोठं होईल आणि अडेल. जी खाते ती चहाबरोबर खाते. चहाने लोह अंगी लागत नाही हे सांगायला सिस्टरकडे अर्धं मिनिट असतं, मागे रांग असते.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजची नोंद लिहायला नको वाटतं.

आतापर्यंत १९ मुलाखती झाल्या. बाई काल रात्री आकडे मांडत होत्या. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव झाला का, या प्रश्नाला १९ पैकी १६ जणींचं ‘हो’. बाई म्हणाल्या, हे शक्य नाही. एवढ्या बायकांना एवढा रक्तस्राव झाला असता तर त्यातल्या निम्म्या आपल्याशी बोलायला राहिल्या नसत्या.

आज दुपारी एका घरी सून कापूस निवडत बसली होती. बाळ चार महिन्यांचं. मी तोच प्रश्न विचारला. म्हणाली, "होय की. अजून जातंय."

"चार महिने?"

"मग! आंगावरून पांढरं जायचं थांबतंय होय?"

माझ्या हातातला पेन तसाच राहिला.

मूळ प्रश्नात ‘रक्तस्राव’ हा शब्द आहे. पहिल्या दोन-तीन घरी तो वाचल्यावर बायका नुसत्या बघत राहिल्या. गंमत म्हणजे कानडीतही तो ‘रक्तस्राव’च, पण दोन्ही भाषांच्या गावांत तो कोणी बोलत नाही. म्हणून चौथ्या घरापासून मी माझ्या मनानेच विचारू लागले: "अंगावरून लई गेलं होय?" आमच्याकडे अंगावरून जातं म्हणजे लाल जातं, पांढरंही जातं, आणि बाळंतिणीचं तर सुरुवातीचे काही आठवडे सगळ्यांचंच जातं. आईच्या तोंडून, मावशीच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेला शब्द. मला तो इतका आपला वाटला की त्यात दोन अर्थ आहेत हे दिसलंच नाही.

रात्री फोनवरचं रेकॉर्डिंग लावून ऐकलं. सोळाच्या सोळा ठिकाणी माझाच आवाज, अंगावरून लई गेलं होय. प्रश्नावलीचं भाषांतर दोनदा तपासलं होतं, पण चूक कागदावर नव्हतीच. ती माझ्या तोंडात होती आणि तोंड कोणी तपासलं नव्हतं.

बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, त्यांच्या इंग्रजीतही ‘जास्त’ म्हणजे किती हे लिहिलेलं नव्हतं. माझी चूक वाटून घ्यायचा तो प्रयत्न होता. कळला, बरंही वाटलं, पण १६ घरं परत फिरायची आहेत ती मलाच.

१६ ते २१ ऑक्टोबर

परत फिरणं. आता प्रश्न असा: रगत गेलं की पांढरं? रगत असेल तर पहिल्या दिवशी कापडं किती बदलली? डोळ्यांपुढं अंधारी आली काय? दवाखान्यात रक्त चढवलं काय?

कापडांच्या प्रश्नाला बायका भडाभडा बोलतात. "दोन लुगडी आणि नणंदेचा परकर." "पोत्यावर निजवलंतं, पोतं टाकलं." दवाखान्यात बाळंत झालेलीला मात्र काही सांगता येत नाही, कारण तिथलं कापड तिचं नसतं आणि ते कोण धुतं हे तिला दिसत नाही.

डॉक्टरी हिशेबात साध्या बाळंतपणात ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त गेलं की तो जादा रक्तस्राव. अर्धा लिटर म्हणजे नंदिनीच्या दुधाची एक पिशवी. मी एका घरी तसंच विचारून बघितलं, "दुधाच्या पिशवीएवढं?" आजी कडाडल्या. "रगताला दुधाची उपमा देतीस? बाळ अंगावर पितंय न्हवं तिचं!" तो प्रश्न तिथेच खोडला.

शेवटी शनिवारी घरी करून बघितलं. अर्धा लिटर पाण्यात कुंकू कालवलं आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी करून तिच्यावर ओतलं. वरून पाहिलं तर हातभर डाग. घडी उलगडली तर खालचे तिन्ही पदर चिंब. नजरेने अंदाज का चुकतो ते तिथे फरशीवर दिसलं. बेळगावातच, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात, यावर अभ्यास झालेला आहे: नजरेचा अंदाज मोजलेल्या रक्तापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला होता.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढंच?"

मी म्हटलं, एवढं गेलं की धोका.

"तुझ्या वेळचं लुगडं आम्ही धुतलंच नाही. परड्यात पुरलं." आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. माझा जन्म खानापूर तालुक्यातल्या घरात झाला, सुईणीच्या हाताने, एवढंच मला आजवर माहीत होतं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

बाईंनी आज ती पिशवी दाखवली. बाळंतिणीच्या खाली पसरायची प्लास्टिकची चादर, पुढे निमुळती होत खाली लोंबणारी पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. रक्त किती गेलं ते रेघेवर वाचायचं. त्यांनी नेदरलँड्समध्ये शिकताना तिच्याबद्दल वाचलं होतं आणि ती बेळगावची हे तेव्हाच वाचलं होतं. मी बेळगावची असून मला ठाऊक नव्हतं.

आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या, गोळ्यांची चाचणी झाली, तिच्यासाठी ही पिशवी केलेली. गावातल्या नर्सबाईंनी बाळंतिणीला ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० च्या तीन गोळ्या, तोंडाने द्यायच्या. १,६२० बायका. ज्यांना गोळ्या मिळाल्या त्यांच्यात जादा रक्तस्राव ६.४ टक्के, ज्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या मिळाल्या त्यांच्यात १२ टक्के. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. याच कामाचं नेहमीचं औषध ऑक्सिटोसिन, त्याला थंडावा लागतो, इंजेक्शन लागतं. या गोळ्या सिस्टरच्या पर्सेत राहतात. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी त्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

याच तत्त्वावरची रेघांची पिशवी आणि तिच्या जोडीला ठरलेले उपचार एकदम सुरू करायचे, अशी मोठी चाचणी केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० दवाखान्यांत झाली. निकाल याच वर्षी आले. तीव्र रक्तस्राव, त्यापायी पोटाचं ऑपरेशन किंवा मृत्यू यांचं मिळून प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के, नव्या पद्धतीत १.६.

आई संध्याकाळी पिशवी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत होती. रेघा नखाने खरवडून बघितल्या. पुसत नाहीत.

२८ ऑक्टोबर, शनिवार

कोजागिरी आणि त्याच रात्री चंद्रग्रहण, १ वाजून ५ मिनिटांनी स्पर्श. दूध आटवायचं नाही, देवळं दुपारपासून बंद. ज्या घरी गेलो तिथली सून आठव्या महिन्यात. सकाळपासून तिच्या हातात विळी दिलेली नाही, आणि सासूचं म्हणणं की दुपारपासून पाण्याचा थेंबही नाही.

बाईंकडे ‘घातक प्रथा’ असा रकाना आहे. विळी बाजूला ठेवली, झोपून राहिली, यात घातक काय? उलट वर्षातून एक दिवस तिला सक्तीची विश्रांती. पण आठव्या महिन्यात दहा-बारा तास पाणी नाही, हे बरं नाही. मी काही बोलायच्या आत आशाताईच (गावच्या आशा कार्यकर्त्या) म्हणाल्या, "काकू, पंचांग काढा." पंचांगात गर्भवतींना सवलत दिलेली असते, त्यांचे वेध उशिरा लागतात. काकूंनी चष्मा लावून वाचलं, सुनेला हाक मारली, "जेवून घे गे आधी."

रकान्यात काय भरायचं यावर आम्ही दोघी बसमध्ये भांडलो.

१ नोव्हेंबर

गावभेट नाही. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आमच्याकडचा, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांचा, काळा दिन एकाच तारखेला. बाईंना कारण सांगायला १९५६ पासून सुरुवात करावी लागली. ऐकून म्हणाल्या, म्हणून फॉर्मवर मातृभाषेचा रकाना भरताना बायका आधी माझ्या तोंडाकडे बघतात?

७ नोव्हेंबर, मंगळवार. जांबोटीच्या पुढे

कणकुंबीकडचा रस्ता, मग दीड तास पायवाट. भीमगड अभयारण्याच्या अंगाची वाडी, नाव लिहीत नाही. आठ घरं. फोनला रेंज नाही. पावसाळ्यात ओढा भरला की १०८ ची गाडी अलीकडे थांबते आणि बाईला घोंगडीच्या डोलीत आणतात.

इथल्या सुईण आजी आता बाळंतपणं करत नाहीत, "गोरमेंट नको म्हणतंय." पण बोलायला तयार. बाळामागची वार लवकर पडली नाही तर? "तिचीच वेणी तिच्या तोंडात घालायची. ओकारी आली की पोट आवळतंय, वार येतीया." आणि रगत थांबलं नाही तर? आजींनी माझा हात ओढून घेतला, अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं, परत गुलाबी झालं. "हे परत तांबडं होईना, ओठ पिठागत झाले, की माझं काम संपलं. बापयांना हाक मारायची, उचला म्हणायचं." मग म्हणाल्या, दोघींच्या वेळी हाक मारायला उशीर झाला. नावं सांगितली. मी लिहिली नाहीत.

प्रश्नावलीत इथे प्रश्न आहे: घरी बाळंतपण करण्याचं कारण काय? वाचताना बाईच अडखळल्या. त्यांच्या देशात आजही काही बायका स्वतः ठरवून घरी बाळंत होतात. शिकलेली सुईण घरी येते, गाडी दाराशी लागते, दवाखाना हाकेवर. आजींनी मला विचारलं, "तिच्यात रस्ता हाय होय?" हाय, म्हटलं. "मग बरं."

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. कुद्रेमानी

दिवाळीनंतरची पहिली फेरी. यादीतली एक बाळंतीण घरात नाही. पहिलं बाळंतपण, माहेरी गेलीय. माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. सासऱ्यांनी बोट दाखवलं: ते झाड दिसतंय त्याच्या पलीकडं.

आमची मंजुरी कर्नाटकापुरती. झाडापलीकडे मुलाखत घेता येत नाही. नियमाप्रमाणे तिच्यापुढे ‘संपर्क तुटला’ असं लिहायचं. संपर्क कसला तुटलाय, सासू रोज तिच्याशी व्हिडिओवर बोलते.

आशाताईंचंही तेच. नऊ महिने तिच्या मागे फिरल्या, आता बाळंतीण आणि बाळ बघायला जायचं तर ती दुसऱ्या राज्यात. पलीकडच्या आशाला तिचं ताई कार्ड वाचता येत नाही. जन्म जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, म्हणून कुद्रेमानीच्या या नातवाचा दाखला मराठीत निघणार. उलट चंदगडकडच्या कितीतरी बायका अडल्या की बेळगावच्याच दवाखान्यात येतात, कोल्हापूर शंभराहून जास्त किलोमीटर. त्यांच्या पोरांचे दाखले कानडीची मोहर घेऊन शिनोळीपलीकडे जातात आणि पुढे शाळेत भाषांतरासाठी हेलपाटे घालतात.

२०१८–२०च्या सरकारी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू कर्नाटकात ६९, महाराष्ट्रात ३३. बाईंनी विचारलं, झाडाच्या या बाजूला कोणता आकडा धरायचा? सासरे म्हणाले, "चहा घ्या आधी."

२५ नोव्हेंबर, शनिवार

बाईंनी घरून मागवलेला डबा आला. त्यांच्याकडे बाळ झालं की भेटायला येणाऱ्याला गोल टोस्टवर लोणी लावून साखरेच्या बारीक गोळ्या पसरून देतात. मुलीला गुलाबी-पांढऱ्या, मुलाला निळ्या-पांढऱ्या. उचगावच्या सासूबाईंनी एक गोळी चावली, डोळे बारीक केले. "आत बडीशेप हाय की!" आहे. त्यांच्याकडेही जुन्या बायका म्हणत, याने दूध येतं. सासूबाईंनी आतून बाळंतशोपांची बरणी आणून बाईंच्या ओंजळीत ओतली आणि बजावलं, साखर कशाला लावायची, नुसत्या खायच्या. मग सुनेला म्हणाल्या, "बघ, गोरी लोकं बी शोपाच खातात."

बाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे बाळंतपणानंतर आठवडाभर रोज काही तास शिकलेली बाई घरी येते. आईला तपासते, बाळाला न्हाऊ घालते, घरातलं आवरते, बराचसा खर्च विम्यातून. सुनेने पहिल्यांदा मान वर केली. "आवरते बी?" त्यानंतर ती सासूसमोर अर्धा तास बोलली. दहा आठवड्यांत एवढी बोलली नव्हती.

८ डिसेंबर, शुक्रवार. कुद्रेमानी

बाईंचा इथला शेवटचा आठवडा. परत विचारायच्या १६ पैकी १३ झाल्या. खरा जादा रक्तस्राव म्हणता येईल अशा दोन. उरलेल्या तिघींतली एक नवऱ्याबरोबर गोव्याला कामाला गेली, दोघींना आठवत नाही. त्यांच्यापुढे ९९, म्हणजे ‘माहीत नाही’. गाळायच्या नाहीत, असं मी हट्टाने सांगितलं आणि पद्धतीच्या प्रकरणात माझी चूक माझ्या हाताने लिहून दिली.

सकाळी फोन आला. "आली गे सून माहेरनं. विचारायचं ते विचारून घे."

४२ दिवस उलटून गेलेत, तिची मुलाखत मोजणीत धरता येणार नाही. तरी गेलो. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकलेला अजून तसाच होता. बाळ पाळण्यात, कपाळाला काजळाचा ठिपका. पोरगी वीस-एकवीसची, डोकं घट्ट बांधलेलं. मी चटईवर बसले, फोन चालू केला, तिची परवानगी परत घेतली. मग विचारलं, रगत गेलं की पांढरं.

तिने सासूकडे पाहिलं. सासू पाणी आणायला उठली.

"दोन्ही गेलं," ती हळूच म्हणाली. "कुठलं आधी सांगू?"